मेलेल्या मेंढीची नोंद

खंडेराव सोयगावकडचा धनगर. बाप-आजे मेंढरांमागं चालत गेले, तसाच तोही निम्मं आयुष्य चालला. दोन हजार बाराच्या दुष्काळात पाणवठे आटले, रानात काडी उरली नाही. तेव्हा त्यानं कळप विकला आणि बायको म्हाळसाबाई व लेक अंगद यांना घेऊन वाळूजच्या कारखान्यांशेजारी बजाजनगरात दोन खोल्यांत राहायला आला. अंगद कंपनीत लागला. खंडेराव मात्र दिवसभर गल्लीतून येरझाऱ्या घालायचा. शेजारीण गोजरबाई एकदा म्हाळसाबाईला म्हणाली, "तुझ्या मालकाचं काई हरवलंय का गं?"

पुढं त्याला काम मिळालं तेही मेंढरांचंच. वाळूजच्या पलीकडं एक संशोधन संस्था होती. तिथं आठ मेंढ्या होत्या, पण त्यांना जाणणारं कुणी नव्हतं. तिथल्या डॉक्टर सुकेशनी मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला एक काचेची बरणी दाखवली. आत कोबीच्या पातळ पानासारखं पांढरंफटक काहीतरी तरंगत होतं.

"हे काळीज आहे मामा, म्हणजे लिव्हर, मेंढीचंच. धुऊन धुऊन त्यातल्या सगळ्या पेशी काढल्या, नुसती जाळी राहिली. आता हिच्यात नव्या मूळ पेशी, स्टेम सेल म्हणतात त्या, सोडायच्या. त्या जाळीत रुजल्या की ठिगळ आजारी लिव्हरवर शिवायचं."

"म्हंजी पेरणीच की," खंडेराव म्हणाला.

मॅडम हसल्या. "पेरणीच. उगवेल का, ते अजून माहीत नाही."

कामाच्या दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा दडी मारून बसला, आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात म्हाळसाबाईचं पोट फुगायला लागलं. पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले. घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. कावीळ ब कितीतरी वर्षं अंगात दबा धरून होती, तिनं लिव्हर दगडासारखी कडक केली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोटातलं पाणी काढलं, रोज एक गोळी लिहून दिली. "गोळी चुकवू नका. गोळीनं नाहीच सावरलं, तर लिव्हर बदलण्याचा विचार करावा लागेल," म्हणाले.

तेव्हापासून खंडेराव रात्री पुन्हा गल्लीत येरझाऱ्या घालू लागला. जेवताना घास हातातच राहायचा. चौथ्या दिवशी तो मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, ती जाळी माझ्या मंडळीला बसवा."

"मामा, ती माणसासाठी नाही अजून."

"मेंढीला चालती अन् माणसाला नाय?"

"मेंढीला चालते की नाही, हेच तर बघतोय आपण. त्यांची स्वतःची लिव्हर धडधाकट आहे, आपण थोडीशीच काढली. काकूंकडं तेवढी शिल्लक कुठंय? माझी सख्खी आई असती तरी मी नसती बसवली."

खंडेराव मेंढ्यांकडं निघून गेला. त्या दिवशी त्यानं पाण्याची बादली इतक्या जोरात आदळली, की मेंढ्या कोपऱ्यात दाटल्या. हिच्या हातात औषध आहे आणि ही देत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

त्यानंतर आठवड्यानं पाच नंबरची मेंढी त्याच्या नजरेत आली. ठिगळ लावून तिला बारा दिवस झाले होते. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, ताप नव्हता. पण तिनं रवंथ सोडला होता, कान गार पडले होते. खंडेराव तिच्याजवळ बसला, उठला, परत बसला. शेवटी मॅडमला ओढूनच आणलं.

"रिपोर्ट तर बरे आहेत, मामा."

"रिपोर्ट असतील बरे. मेंढी बरी नाय."

सोनोग्राफी केली. ठिगळाच्या कडेनं पित्त झिरपत होतं. टाके उसवून पुन्हा घातले, पण तिसऱ्या दिवशी मेंढीनं मान टाकली. मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या आणि जाड नोंदवहीत लिहायला लागल्या.

"मेलेली मेंढीबी लिहिता?" खंडेरावानं विचारलं.

"तीच आधी लिहायची, मामा. ती लपवली तर उद्या एखादा माणूस असाच जाईल."

खंडेरावानं वाकून ते पान बघितलं. त्याचा राग कुठं गेला ते त्यालाच कळलं नाही. तळमळ मात्र होती तिथंच होती.

त्याच सुमारास अंगदनं एक कागद आणला. शहरात नवा दवाखाना निघाला होता. स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, लिव्हर नव्यासारखी, असं त्यावर छापलेलं. "आप्पा, तुमच्या मॅडम जे करत्यात तेच हाय हे. हे लोक देत्यात तरी!"

तिघं गेले. गार हवेची खोली, भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो. तिथला साहेब गोड बोलणारा. म्हाळसाबाई खुर्चीत दमून टेकली होती, अंगद मान डोलवत होता. खंडेराव दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. एकाएकी थांबला.

"साहेब, आजवर किती जनांना दिलं?"

"शेकडो."

"त्यातले बरे किती झाले?"

"बघा की, हे सगळे फोटो त्यांचेच."

"अन् जे गेले, त्यांची वही कुठंय?"

साहेबाचं हसू आटलं. "असं अशुभ कशाला बोलता काका?"

"आमच्याकडं मेंढीची वही ठेवत्यात," खंडेराव म्हणाला. "माणसाची नाय ठेवत तुमी?"

साहेब अंगदकडं वळून काही समजावू लागला, तोवर म्हाळसाबाई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. "चला. ह्यांच्या फोटोत मला नाय जायचं."

बाहेर आल्यावर अंगद बापावर उखडला. "उद्या माईला काई झालं तर?" खंडेरावानं म्हाळसाबाईला धरून रिक्षात बसवलं. आपण बायकोच्या तोंडचा घास तर काढला नाही ना, हा किडा त्याला पुढं कितीतरी महिने पोखरत राहिला. रोज सकाळी गोळी हातावर ठेवायचा, ती गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज किती आहे ते बघायचा. मेंढरांसारखे तिचेही कान हाताळून बघायचा, तेव्हा ती वैतागायची. "मी काय पाच नंबरची हाय व्हय?"

सूज हळूहळू उतरली. आठव्या महिन्यात डोळ्यांतला पिवळेपणा गेला. घाटीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, विषाणू दबलाय. लिव्हर कडक ती कडकच, पण पुढची खराबी थांबलीय. बदलायची वेळ आत्ता तरी नाही. गोळी जन्मभर, तपासणी दर सहा महिन्यांनी. अंगदनं तो रिपोर्ट दोनदा वाचला आणि बापाला म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं." खंडेराव म्हणाला, "मलाबी कुठं ठाऊक होतं?"

मॅडमनी ठिगळाच्या कडा शिवायची रीत बदलली. पुढच्या खेपेच्या सहापैकी चार मेंढ्या तगल्या. माणसापर्यंत ते काम अजून पोचलेलं नव्हतं, आणि मॅडमही तसंच सांगायच्या.

दोन हजार सोळाला पाऊस झाला. म्हाळसाबाई भाचीच्या लग्नाला एकटीच सोयगावला गेली, गोळ्यांची डबी कमरेच्या पिशवीत घालून. खंडेराव दिवसातून चार वेळा फोन करायचा. तिसऱ्या दिवशी तिनं हळदीच्या गलबल्यातूनच ओरडून सांगितलं, "जिती हाय मी! ठेवा आता फोन!"