कारखान्याच्या आवारातली शर्यत

वैशालीची गाडी सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही. मी पाठमोरा उभा राहून पिशवीची चेन लावत होतो. वळून बघतो तर हातभर अंतरावर निळं बॉनेट आणि काचेमागे तिचं हसू.

वैशाली माझी मामेबहीण. पुण्यात एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात काम करते. गेल्या वर्षी तिने ही विजेवर चालणारी, भलतीच वेगवान गाडी घेतली. मी कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवतो, त्यामुळे अशा गाड्यांबद्दल माझं ठाम मत असणार असं घरात सगळे धरून चालतात. खरं तर माझी दोन मतं होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

आम्ही निघालो होतो इस्लामपूरला, तिच्या वडिलांकडे. बापूमामा सैन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ऊस लावला आणि जोडीला एक जुनी पेट्रोलची गाडी घाटचढाईच्या शर्यतींसाठी तयार केली. मागच्या सीटा काढल्या, पत्रा हलका केला, इंजिन स्वतःच्या हाताने बांधलं. ती गाडी अनेकदा पहिली आली. आता मात्र इंजिनाचे भाग मिळत नाहीत आणि मिळाले तरी नीट बसत नाहीत, म्हणून कित्येक महिने ती शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मामी फोनवर सांगायच्या की हल्ली हे शेडकडे जातसुद्धा नाहीत. वैशालीला त्या गाडीत इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवायची होती. मामा विषयच काढू देत नव्हते. शेवटी एकदा म्हणाले, आधी तुझी गाडी माझ्या गाडीपुढं काढून दाखव, मग बोलू. निवाडा करायला त्यांनी मला बोलावलं.

सरळ महामार्गाने न जाता आम्ही सासवड, नीरा करत लोणंदला आलो, कारण मामांनी फलटणला एका कारागिराकडे कार्ब्युरेटर दुरुस्तीला दिला होता आणि तो आम्हीच आणायचा होता. लोणंदला स्टेशनजवळ कांदाभजी खाल्ली. टपरीवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून सायलेन्सर शोधला आणि तो नाही म्हटल्यावर आमच्याकडे संशयाने बघितलं.

फलटणच्या कारागिराने कार्ब्युरेटर जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला. आतली रबरं फुगून गेली होती. पेट्रोलात आता उसापासून केलेलं इथेनॉल मिसळतात आणि ते जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही, असं त्याने सांगितलं. वैशाली मामांना आप्पा म्हणते. तिला हसू आवरेना. आप्पांच्याच उसाने आप्पांच्या गाडीचा घसा धरला, म्हणाली. तो कार्ब्युरेटर आम्ही विजेच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि पडू नये म्हणून त्याला पट्टा लावला.

फलटणचा हिरवा ऊस मागे पडला आणि मोगराळे घाट सुरू झाला. इथे वैशालीने मला ही गाडी काय चीज आहे ते दाखवलं. पुढचा ट्रक ओलांडायला तिने पाय किंचित दाबला आणि माझं डोकं मागे सीटला चिकटलं. गिअर नाही, इंजिनाचा आवाज चढणं नाही, नुसती ओढ. वर माण तालुक्याचं मोकळं रान लागलं. उघडे माळ, अधूनमधून डाळिंबाच्या बागा, तुरळक बाभळी. चढावर आणि तिच्या हौसेत बरीच बॅटरी खर्च झाली होती, म्हणून दहिवडीच्या पुढे एका धाब्यावर चार्जिंगची सोय आहे हे बघून ठेवलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा लाईट गेली होती. कधी येणार ते मालकालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या गावापर्यंत जाण्याइतकीही खात्री नव्हती, तेव्हा थांबणं आलं. मालकीणबाईंनी बाजरीची भाकरी, खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ, गरम पेय) पुढ्यात ठेवलं. भर उन्हाळ्यात गरम माडगं कसं प्यायचं असं मला वाटलं, पण दोन वाट्या कधी संपल्या कळलं नाही.

बाहेर येऊन बघतो तर गाडीच्या सावलीला मेंढरं बसलेली. त्यांचे मालक, पांढऱ्या मिशीचे, लाल पटका बांधलेले एक धनगर आजोबा, भिंतीला टेकून बसले होते. वैशालीने गाडी जरा पुढे घ्यायचा प्रयत्न केला. एकही मेंढरू हललं नाही.

"आवाजाची गाडी आली की ती आपसूक उठत्यात," आजोबा म्हणाले. "हिचा त्यास्नी पत्ताच लागंना."

समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या ओळीने फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालो, डोक्यावर एवढी वीज तयार होतेय आणि इथे लाईट नाही.

"ती हितं उतरत न्हाई पावनं," आजोबा म्हणाले. "तिचा थांबा फुडं हाय."

ते स्वतःच हसले, मग आम्हीही. त्यांनी कुठून आलात, कुणाचे, गाडीला एकदा चारापाणी केलं की किती पळते, सगळं विचारून घेतलं. आपला नातू पुण्यात विजेच्या रिक्षा जोडतो हेही अभिमानाने सांगितलं. उन्हं कलायला लागली तेव्हा धाब्यातला पंखा फिरला. पुरेशी बॅटरी भरेपर्यंत बसलो आणि मायणी, विटा करत ताकारीपुढे कृष्णेचा पूल ओलांडला. पुन्हा दोन्ही बाजूंना ऊस आणि ओल्या मातीचा वास.

मामा दारातच उभे होते. गाडीकडे बघायच्या आधी त्यांनी कार्ब्युरेटर मागून घेतला. जेवायला काकवी (पातळ गूळ) आणि भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत आमटी होती. जेवताना विषय निघालाच. मामांचं म्हणणं असं की तुमची वीज शेवटी कोळसा जाळूनच येते, धूर फक्त माझ्या दारातून उठून चंद्रपूरच्या दारात जातो. आणि माझ्या पेट्रोलात तर आता माझाच ऊस हाय. वैशाली म्हणाली, मग विजेतही तुमचाच ऊस आहे, कारखाना चिपाडं (रस काढल्यावर उरलेला चोथा) जाळून वीज करतोच की. दोघंही बरोबर होते. मी बॅटरीसाठी लागणाऱ्या धातूंच्या खाणींबद्दल आणि शहरातल्या हवेबद्दल बोलू लागलो, तेव्हा मामींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि मी आमटीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साखर कारखान्याच्या आवारात गेलो. गाळपाचा हंगाम संपला होता. हंगामात जिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात ते आवार मोकळं पडलं होतं. मामांच्या ओळखीमुळे रीतसर परवानगी मिळाली होती आणि फाटकही बंद करून घेतलं होतं. गव्हाणीपासून (ऊस मोळ्यांनी आत टाकायची जागा) वजनकाट्यापर्यंत सरळ रस्ता, मग साखरेच्या गोदामाला वळसा घालून परत.

मामांनी गाडी सुरू केली. कार्ब्युरेटर त्यांनी पहाटे उठून बसवला होता. त्या इंजिनाचा आवाज मी लहानपणी ऐकलेला; छातीत धडधडतो. मामांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, मोटर बसवायची गोष्ट आपण उगाच काढली.

मी रुमाल खाली टाकला. वैशालीची गाडी जागची नाहीशी झाली. मामांनी दुसरा गिअर टाकेपर्यंत ती वजनकाट्याशी पोहोचली होती. पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. मामा हेल्मेट काढून हसले. मग म्हणाले, आता न थांबता फिरू, कोण दमतंय बघू.

आता चित्र बदललं. वळणावर वैशालीची जड गाडी बाहेर ओढली जायची, टायर कळवळायचे. मामांची हलकी गाडी गोदामाच्या कोपऱ्याला अगदी चिकटून निघायची. दर फेरीला अंतर कमी होत गेलं. शेवटी उन्हाने आणि सततच्या ओढीने वैशालीची बॅटरी तापली आणि गाडीने स्वतःहूनच ताकद कमी केली. मामा तिला ओलांडून गेले आणि जाताना खिडकीतून हात हलवला.

वैशालीने उतरून बॉनेटवर हात ठेवून बघितला. मला निवाडा विचारला तेव्हा मी म्हणालो की सुरुवातीला ही, नंतर ती. कुणालाच तो आवडला नाही.

"उचल लय हाय तिला," मामा लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "पर अंगानं जड हाय, पोरी."

तेवढ्यात मामी स्कूटरवर जेवणाचा डबा घेऊन आल्या. वैशालीची गाडी कारखान्याच्या शेडच्या सावलीत थंड होईपर्यंत आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर मामी वैशालीच्या गाडीत जाऊन बसल्या. आत गार लागतंय म्हणून, दुसरं काही नाही. मामांच्या शर्यतीच्या गाडीत त्या एक-दोनदाच बसल्या होत्या. पेट्रोलच्या वासाने त्यांना गरगरतं आणि आवाजाने डोकं धरतं. बक्षीस घेताना टाळ्या वाजवायला जायच्या, पण घाटाच्या तळाशी थांबायच्या.

मामांनी वैशालीकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि जाऊन स्टीअरिंगवर बसले. मामींना पट्टा लावायला सांगितलं. गाडी सुटली. आम्ही दोघं बघत उभे. गोदामामागे गेली, परत आली, थांबली नाही, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा समोरून गेली तेव्हा मामी हातवारे करून काहीतरी सांगताना दिसल्या. थांबल्यावर त्या उतरल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"इतक्या वर्सांत," पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मी गाडीत बोललेलं ह्यास्नी आज पयल्यांदा ऐकाय आलं."

काय बोललात असं वैशालीने विचारलं. त्या म्हणाल्या, मी म्हणाले, आणखी जोरात घ्या.

मामा मात्र आतच बसून होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर. बऱ्याच वेळाने त्यांनी वैशालीला जवळ बोलावलं. घाट एकदाच चढायचा असतो, म्हणाले, वर पोहोचलं की शर्यत संपली. तेवढ्यापुरती बॅटरी केवढी लागेल? वैशाली गोंधळली. तिच्या आराखड्यात मोठी बॅटरी होती, कारण कंपनीत सगळे पहिला प्रश्न विचारतात तो गाडी किती लांब जाईल हाच. तिने मोबाइलवर हिशेब केला, दोनदा तपासला, आणि मग दोन्ही हातांनी हवेत एका ट्रंकेएवढा आकार दाखवला.

"एवढीच, आप्पा. इंजिनापेक्षा हलकी."

"मग तेवढीच घाल," मामा म्हणाले. "इंजिन मी काढनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

वैशालीने मान हलवली. 

तिसऱ्या दिवशी सकाळी परतताना आम्ही महामार्ग धरला. कराड मागे पडलं. गाडी कमालीची शांत होती आणि मला विचार करायला वेळ मिळाला. विजेची ताकद वेगवान गाडीला शोभते का? शोभते; चढावर तिला तोड नाही. पण लांब पल्ल्यासाठी तिच्या अंगावर एवढं ओझं चढवतात की वळणावर आणि उन्हात तेच तिला नडतं. आणि पर्यावरणाचंही तसंच आहे. एका माणसाला क्षणात उडवायला ढीगभर धातू वाहून नेणारी गाडी, धूर नाही म्हणून, लगेच पुण्यवान होत नाही. जेवढी गरज तेवढीच बॅटरी, आणि ती भरायला वारा, ऊन नाहीतर चिपाडं, असं जमलं तर माझी दोन्ही मतं एका घरात नांदू शकतील. कॉलेजात हे सांगायला मला आता संकोच वाटणार नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला थांबलो तेव्हा मामींचा फोन आला. वैशालीने तो स्पीकरवर टाकला. आम्ही निघाल्या निघाल्या मामांनी बॉनेट उघडलं होतं. शेजारच्या दोघांना साखळी ओढायला लावून इंजिन बाहेर काढलं, डिझेलने धुतलं, पुसलं आणि ओसरीवर पाट टाकून त्यावर ठेवलं. हळदकुंकू वाहून झालं होतं. आता हे शेडमध्ये टेप घेऊन रिकाम्या जागेची मापं काढत बसलेत, मामी सांगत होत्या, आणि शिट्टी वाजवतायत. जेवायला या म्हणून कितीदा हाका मारल्या तरी त्यांचं लक्ष नाही.

वैशालीने फोन ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. मी विचारलं, मी चालवू का. नको म्हणाली. मग साताऱ्यापासून पुण्यापर्यंत ती आपली वेगवान गाडी इतक्या सावकाश चालवत राहिली की मागचे ट्रकवाले आम्हाला हॉर्न देऊन पुढे जात होते, आणि ती प्रत्येकाला हात करून वाट देत होती.