अडतीस इंचांचे महाराज

महाराजांच्या डोक्याचं माप मी फोनवर घेतलं, ही माझी चूक. ती आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे इतरांना नावं ठेवायला मी मोकळी.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. आमचं घराणं धारला दरबाराबरोबर आलं, पण तलवार घेऊन नव्हे, सुई घेऊन. आम्ही पगडबंद. दरबारातली डोकी सजवायची ती आम्ही. दरबार गेले, पगड्या गेल्या, घरातले पुरुष मास्तर आणि कारकून झाले. एकटे माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, लग्नांच्या पगड्या करत राहिले. मग लग्नांतही मागे इलॅस्टिक लावलेले तयार फेटे आले. "चड्डीला असतं ते डोक्याला?" एवढंच बोलून अप्पांनी सुई खाली ठेवली.

देवासला आमच्या वसाहतीत मराठी लोकांचं एक मंडळ आहे. बहुतेक सभासद कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी आलेले. माणसं लाख चांगली, अडीअडचणीला धावून येतील, पण इतिहास सगळा टीव्हीवरून शिकलेली. त्यांच्या मुलांना मराठी वाचताना घाम फुटतो, म्हणून जयंतीची भाषणं हिंदीत आणि घोषणा तेवढ्या मराठीत. घोषणा पाठ असल्या की वाचावं लागत नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी मंडळाने महाराजांचा फायबरचा अर्धपुतळा मागवला आणि सचिव माझ्या घरी आले.

"ताई, आपल्याला जरा मालवा टच द्यायचाय. तुमच्या वडिलांच्या हातची पगडी महाराजांच्या डोक्यावर! भिया, माहौल बन जाएगा!"

साठीच्या बाईला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी लगेच धारला फोन लावला.

अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते महाराज? थोरल्या पातीचे की धाकट्या?" देवासात एका गावात दोन गाद्या होत्या, आणि अप्पांच्या मते दोन्हीकडच्या पगड्यांत बोटभर फरक. मी फोन सचिवांच्या हातात दिला. ते म्हणाले, "काका, महाराज म्हणजे महाराज." मग अप्पांनी दुसरा प्रश्न विचारला, डोक्याचा घेर किती?

चार दिवसांनी सचिवांनी मोबाइलवर आकडा धाडला. अडतीस इंच. चांगल्या धडधाकट माणसाचं डोकं बावीस-तेवीस इंच भरतं, हे मला पगडबंदाची लेक म्हणून ठाऊक. पण पुतळा मोठा असेल, म्हणून मी आकडा तसाच पुढे ढकलला. अप्पा हरखून म्हणाले, "मोठ्या माणसाचं डोकं. असायचंच."

अप्पा चौऱ्याऐंशीचे. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. एवढा मोठा साचा घरात कुठला? श्राद्धाची खीर ज्यात होते ते पातेलं त्यांनी पालथं घातलं आणि त्यावर पीळ द्यायला बसले. सचिवांचा निरोप आला की धारजवळच्या बाग गावच्या छापाचं कापड घ्या, आणखी टच येईल. अप्पा म्हणाले, त्यांना म्हणावं तो छाप चादरीला शोभतो. तीन आठवडे बोटांनी चाचपून टाके घातले. मला फोनवर म्हणाले, "ही शेवटची, हो. नीट बसली पाहिजे. मग घराणं मिटलं तरी मला काही वाटायचं नाही."

आमच्याकडे रीत अशी, की पगडी ज्याने केली त्यानेच ती डोक्यावर ठेवायची. समोर कपाळावर टोक, मागे सपाट. नीट बसली नाही, तर तिथल्या तिथे उसवायची, समोर राजा असला तरी.

जयंतीच्या दिवशी धारहून देवासपर्यंत ती पगडी अप्पांनी मांडीवर धरून आणली, मला हात लावू दिला नाही. स्टेजवर पाहुणे, डीजे, फुगे. पुतळ्यावरचा पडदा सरला. महाराजांच्या डोक्यावर टोप होता! फायबरचाच, पुतळ्याबरोबर ओतलेला, सोनेरी रंगाचा, मोत्यांच्या लडींसकट. सचिवांनी टेप त्या टोपाभोवती फिरवली होती. डोक्याचं माप कोणी घेतलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

अप्पांना काही दिसलं नाही. ते स्टुलावर चढले आणि डोकं कुठे आहे ते पाहायला हात पुढे केला. हात टोपावर पडला. बोटं लडींवरून फिरली आणि थांबली.

"क्षमा असावी," अप्पा त्यांच्या दरबारी मराठीत म्हणाले, "महाराजांनी आधीच काही परिधान केलेलं दिसतं."

"हो ना काका, उसीके ऊपर!"

"पगडीवर पगडी?"

"टच, काका, टच!"

अप्पा हळूच खाली उतरले. पगडी सचिवांच्या हाती देऊन म्हणाले, "मग आपणच ठेवावी." सचिवांनी ठेवली. टोक मागे.

अप्पांनी माझा हात धरला. "बसली का गं?"

मी दूधवाल्याला पाव लिटरसाठी रडवणारी बाई. वर्गात चाळीस पोरांना नजरेने गप्प केलं मी. पण समोर पाहुणे होते, माइक किंचाळत होता, आणि अप्पांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "बसली, अप्पा," मी म्हटलं. अडतीस इंचांवर अडतीस इंच, बसणार नाही तर काय? टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी मला इतकी लाज वाटली की प्रसादाचा लाडू तोंडात फिरेना.

पेपरात फोटो आला, खाली 'पारंपरिक मालवी पगडी'. मंडळाने तो फोटो बॅनरवर घेतला, मग टी-शर्टवर, मग स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवला. एका व्यापाऱ्याने तशाच पगड्या विकायला काढल्या, मागे टोक, आत इलॅस्टिक. आमच्या जिल्ह्यातल्या लोहारदा गावी एका लग्नात नवरदेव मागे टोक करून मांडवात बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला. आणि टोक मागे का, याचं कारणही निघालं: लढाईत पाठीमागून मानेवर वार होऊ नये म्हणून! हे मला एका वक्तृत्व स्पर्धेत कळलं. परीक्षक मीच होते. पोरगी बोलली इतकी छान, की पहिला नंबर मी तिलाच दिला. आता काय सांगायचं?

गेल्या वर्षी अप्पा म्हणाले, मिरवणुकीला येतो. त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी स्वतःच केलेली पगडी घातली. छोटीशी, विटलेली, पण काय रुबाब! टोक बरोबर कपाळावर. मंडपाच्या दारात एक स्वयंसेविका सगळ्यांना टिळा लावत होती. अप्पांना पाहून तिला गहिवरून आलं, खरंच आलं. वाकून पाया पडली. मग म्हणाली, "बाबा, पगडी उल्टी पहनी है आपने," आणि दोन्ही हातांनी, फार मायेने, ती फिरवून ठेवली.

त्यांच्या डोक्यावरच्या पगडीला आजवर कोणाचा हात लागला नव्हता. अप्पा पुतळ्यासारखे उभे राहिले. मग मला विचारलं, "बसली का गं?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तेव्हाचीही नव्हती बसली, अप्पा. टोक मागे गेलं होतं. मी बोलले नाही."

"ठाऊक आहे. तुझा आवाज मला कळत नाही होय?" ते म्हणाले. "आता तरी नीट कर."

मी आयुष्यात पहिल्यांदा पगडीला हात घातला. फिरवली, टोक कपाळावर आणलं, मागची कड दाबली. अप्पांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि मान डोलावली.

"अरे आंटी, आपने फिर उल्टी कर दी पगडी! हटिए, मैं करती हूँ." पोरगी धावत आली. मी आडवी आले. म्हटलं, "थांब, बाई. टोक पुढेच असतं."

"किसने बोला?"

मी अप्पांकडे बोट दाखवलं. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वर करून बॅनरकडे पाहिलं, आणि समजूत घालावी तसं मला म्हणाली, "देखो ना आंटी, वहाँ तो पीछे है."