आण्णांचा वाचायचा राहिलेला दुसरा भाग

डायलिसिसच्या दुसऱ्या तासाला माझे डोळे जड होतात. डाव्या हातात दोन सुया आहेत, तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताखाली पोटावर कादंबरी उघडी पडलीय. दुपारचं ऊन हिरव्या पडद्यातून आत आलंय, मशीन एका लयीत चाललंय. मी अक्षरांकडे बघतेय आणि ती पाण्यात पडल्यासारखी हलतायत.

"काय ताई, कुठवर आला?"

शेजारच्या रिकाम्या बेडवर बाळगोंडा आण्णा बसलेत. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला, हे मला ठाऊक आहे. तरी दचकायला होत नाही.

आण्णांनी चाळीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमाग चालवला. आठवड्यातून तीनदा आम्ही चार-चार तास शेजारी असायचो. एकदा कंटाळून त्यांनी माझ्याकडचं पुस्तक मागून घेतलं. नावाड्याची मुलगी केतकी आणि तळ्याखालच्या राज्यातला राजपुत्र तमाल यांची प्रेमकथा. मला वाटलं, हसतील. त्यांनी दोन दिवसांत संपवलं. केतकीला माणसांत परत जाता यावं म्हणून तमाल आपल्या मनातली तिची आठवण तळ्याला देऊन टाकतो, तिथं पहिला भाग संपतो. आण्णा सुया टोचून घेतानाही तेच बोलत होते. "दुसरा भाग आला की लगेच सांगा हां. तवर मला मरायला सवड न्हाई."

आता आम्ही मागाच्या शेडमध्ये आहोत. माग चालू आहेत, पण आवाज नाही. त्यांतून निळं कापड उतरतंय. आण्णा कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरतात आणि गटागटा पितात. आम्हा दोघांना दिवसाला लिटरभरच पाणी, तेही घोट घोट.

"आण्णा, किती पिताय!"

"आता कोण बघतंय वो?" ते पुन्हा तांब्या बुडवतात. मला देत नाहीत.

"आण्णा, मला सांगायचंय," मी म्हणते. "दुसरा भाग तुम्ही असतानाच आला होता. मी लपवला. मला आधी वाचायचा होता. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. मला वाटलं, आठवडाभरात देईन."

ते मिशीवरचं पाणी पुसतात. "ठावं हुतं."

"कसं?"

"बोलता बोलता म्हणालासा, केतकीनं नाव विकली. पहिल्या भागात कुठं विकली तिनं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं तोंड बघून. भरल्या ताटावरनं कुणाला उठवत्यात व्हय?"

मला वाटतं, त्यांनी रागवावं. पण ते तांब्या पालथा घालतात आणि पालथ्या तांब्याखाली तळं आहे. आम्ही होडीत बसलोय. आण्णा मांडी ठोकून म्हणतात, "सांगा आता. सगळं सांगा."

मी सांगते. केतकी परत येते, पण तमाल तिला ओळखत नाही. मग ती रोज मागून आणलेल्या होडीत बसून त्याला त्याचीच गोष्ट सांगते, कुणा दुसऱ्याची म्हणून. आणि त्याला त्या दुसऱ्याचा मत्सर वाटायला लागतो.

"स्वतःचाच?"

"स्वतःचाच! तो विचारतो, तुझा तो माणूस माझ्यापेक्षा देखणा होता का?"

"आणि ती काय म्हंती?"

"म्हणते, थोडा उंच होता."

आण्णा इतके हसतात की होडी डुलते. "आरं तिच्या! पोरगी लई हुशार हाय." मग पुढं झुकतात. "वळखतो का शेवटाला?"

"माहीत नाही. शेवटचं प्रकरण मी वाचलंच नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तिथपर्यंत आले होते. तेव्हापासून पुस्तक रोज आणते, उघडते आणि मिटते."

"मग आणा हिकडं."

ते पुस्तक घेतात. ओळीखालून बोट फिरतंय, ओठ हलतायत. एका ठिकाणी थांबतात, चष्मा काढतात, डोळे पुसतात, पुन्हा चष्मा लावून पान उलटतात.

"आण्णा, काय झालं? ओळखलं का त्यानं?"

"गप बसा की ताई. आता तुम्ही थांबायचं."

मी काठावर आहे. होडी त्यांना घेऊन लांब चाललीय. मला हात करायचाय, पण डावा हात उचलत नाही. ते मान वर करत नाहीत.

"मॅडम, बीपी बघायचंय."

शबाना माझ्या दंडाला पट्टा गुंडाळतेय. ती इथली टेक्निशियन. माझ्या पोटावर पुस्तक नाही. ते शेजारच्या बेडवर आहे, चादरीच्या मधोमध, उघडं आणि पालथं. माझा हात तिथवर पोचत नाही.

"तू ठेवलंस का गं तिथं?"

"मी आत्ताच आले जेवून." ती ते उचलून बघते. "शेवटचीच दोन-तीन पानं उरलीत की. देऊ?"

"अजून किती वेळ आहे?"

"तासभर."

"मग राहू दे तिथंच," मी म्हणते. "तसंच पालथं ठेव. खूण मोडू नकोस त्यांची."