समोरासमोरचे दोन पाट

अक्का गेल्याचं कार्ड सोलापूरला तिसऱ्या दिवशी पोचलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच कळलं. शेजारच्या नागम्माबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं... कावीळ झाली, आठ दिवस अंथरूण धरलं, गेल्या. मी वर्तमानपत्रात काम करतो. मृत्यूच्या बातम्या चार ओळींत बसवणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्या थोरल्या बहिणीची बातमीही बसली असती: बिदरजवळच्या जनवाड्यातल्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. त्यात चूक एकही नसती. आता महिना उलटला आहे, म्हणून उरलेलं लिहितो.

माझी मुलगी सुमी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू येत होतं, हाक मारली की वळायची, पण तोंडातून शब्द निघत नव्हता आणि बोटांत दिलेली वस्तू गळून पडायची. डॉक्टरांनी मंदबुद्धी म्हणून हात झटकले. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. जनवाड्याच्या शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि अक्का पहिलीचा वर्ग घेत होती. ती म्हणाली, "दे माझ्याकडं. बघते." आम्ही दिली. सुटलो असंही वाटलं होतं, तेही इथे लिहिलं पाहिजे.

अशा मुलांना बोलायला आणि हात वापरायला शिकवण्याचं शास्त्र असतं, हे अक्काला ठाऊक नव्हतं. मलाही अलीकडे कळलं. तिनं आपलं आपण शोधलं. जेवणाचे पाट सगळ्यांच्या घरी ओळीनं मांडतात. तिनं दोन पाट समोरासमोर मांडले, बोलणाऱ्याचे ओठ सुमीला दिसावेत म्हणून. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून ती 'प' म्हणायची, पट्टी हलली की सुमी हसायची. ताटात ज्वारी आणि तूर मिसळून द्यायची, सुमीनं चिमटीनं तूर वेचायची. आणि मुख्य म्हणजे अक्का थांबायची. पाण्याचा तांब्या हातात धरून बसायची. सुमीनं ओठ मिटून काहीतरी आवाज काढल्याशिवाय तांब्या पुढे जात नसे. कधी पाव तास जाई.

गावाला हे थांबणं बघवलं नाही. नागम्माबाई पोपटाचा उष्टा पेरू घेऊन आल्या. तो खाल्ला की मुकं लेकरू बोलतं, अशी तिकडे समजूत आहे.

"पोपट पेरू खाऊन बोलत न्हाई, नागम्मा," अक्का म्हणाली. "घरची माणसं त्याच्याम्होरं बसून शंभर येळा तेच बोलतेत, म्हणून बोलतंय."

पेरू मात्र तिनं ठेवून घेतला, सुमीपुढे धरला आणि थांबली. नागम्माबाई भडकल्या. "लेकराला कामून तरसवायलीस? पोटचं असतं तर केली असतीस का असं?"

अक्कानं पेरू तसाच धरून ठेवला.

हे बोलणं शाळेपर्यंत गेलं. दीड वर्षानं मुख्याध्यापकांचं मला पत्र आलं: बाई मुक्या मुलीला उपाशी ठेवतात असा गावात बोभाटा आहे, शाळेचं नाव खराब होतं. मी गेलो. मुख्याध्यापकांशी बोललो, नागम्माबाईंशी बोललो, पारावरच्या दोघातिघांशी बोललो. मग घरी गेलो. सुमी पाटावर बसून रडत होती आणि समोर अक्का भाकरीचा तुकडा धरून बसली होती. मी तो तिच्या हातातून घेतला आणि सुमीच्या तोंडात घातला.

"झालं तुझं," अक्का म्हणाली. "आत्ता मागितली असती तिनं."

"अक्का, रडायलीय ती."

"रडू दे की. त्यो बी आवाजच हाय. दत्ता, शाळेची जबान बदलली तवा मास्तर लोकांना शिकायला मुदत दिली सरकारनं. ह्या लेकराला मुदत कामून न्हाई रे?"

ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी विचारायचं, हा बातमीदारीचा पहिला नियम. मी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं सुमीला घेऊन निघालो. सुमीला तेव्हा चार शब्द येत होते: पाण्याला पा, मग दे, अक्का, न्हाई. मोटार सुटताना तिनं त्यातला शेवटचा शब्द स्पष्ट म्हटला. मी तो ऐकला.

सोलापुरात तिला सगळं मागण्याआधी मिळत गेलं. माझी बायको तिच्या नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची, आणि येणारे-जाणारे तिचं कौतुक करायचे. सहा महिन्यांत चारही शब्द गेले. अक्काचं कार्ड महिन्याला यायचं. शेवटी एकच प्रश्न असायचा, "थांबता ना?" मी खुशालीचं उत्तर लिहायचो. त्या प्रश्नाचं कधी लिहिलं नाही.

सध्या कचेरीत राज्यांच्या फेररचनेच्या तारा येत असतात. जनवाडा म्हैसूरकडे जाणार. शाळेची भाषा कदाचित पुन्हा बदलेल, आणि मास्तरांना पुन्हा मुदत मिळेल.

तेराव्याला सुमीला घेऊन गेलो. ती आता अकरा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात दोन्ही पाट तसेच समोरासमोर होते. कुणी सांगितलं नाही, तरी सुमी जाऊन आपल्या पाटावर बसली. समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत तिनं ओठ घट्ट मिटले... काय करायचं ते मला ठाऊक होतं. त्या पाटावर बसायचं, तांब्या हातात धरायचा आणि थांबायचं. पाव तास, फार तर.

"तहान लागलीय लेकराला," दारातून नागम्माबाई म्हणाल्या.

मी तांब्या भरला आणि उभ्यानंच सुमीच्या मिटलेल्या ओठांना लावला. ती निमूटपणे प्याली.