आदळलं तरच आवाज

हे गेल्यावर पिंपळगावहून नणंदबाई आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सुटला गं माझा भाऊ." मला असा राग आला! सुटला म्हणे. पक्षाघातानंतर आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये दोघंही अडकलो होतो, हे खरं... हे शरीरात, मी यांच्यापाशी. पण म्हणून असं बोलायचं?

नौदलात यांचं काम पाणबुडीविरोधी शस्त्रांचं. निवृत्तीनंतरही जेवताना तोच विषय. पूर्वी म्हणे स्फोटकांची पिंपं जहाजाच्या मागून समुद्रात सोडायचे. त्यासाठी पाणबुडीच्या थेट डोक्यावर जावं लागे, आणि नेमकी तेव्हाच ती सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला, ऐकू येत नसे. वर स्फोटांनी पाणी घुसळून निघे, मग कितीतरी वेळ नुसता गोंगाट. पुढे जहाजासमोर फेकायचे छोटे बॉम्ब निघाले. ते आदळले तरच फुटायचे. नेम चुकला तर पाणी शांत, ऐकणं चालू.

"मग उत्तमच की," मी भाजी वाढत म्हणायचे.

"उत्तम कसलं! जवळून गेला तरी पाणबुडीला ओरखडा नाही. पिंप न आदळताही फुटायचं, निदान हादरा तरी द्यायचं." मग पाठलाग करणारे टॉर्पेडो आले, तर ते हलके हवेत म्हणून त्यांत बारूद कमी. "सगळं एकात मिळत नाही, सुमन." मी कंटाळायचे, खोटं कशाला बोलू.

यांची वाचा गेल्यावर मात्र हीच बडबड कामी आली. एकदा हे फार तळमळत होते. मुलगा, सून, नणंदबाई, सगळे एकदम सुरू... पाणी हवंय? दुखतंय? हॉस्पिटलात नेऊ? यांच्या डोळ्यांतून पाणी. मी ओरडलेच, "गप्प बसा बरं सगळे!" मग यांना म्हटलं, "अहो, मी एकेक विचारते. बरोबर असेल तरच डाव्या हाताने खाटेचा दांडा वाजवा. चुकलं तर काही करू नका." यांना लगेच कळलं, चक्क हसले.

पाणी? शांत. दुखतंय? शांत.

"हॉस्पिटलात जायचं नाहीये?"

टक्. टक् टक् टक्!

मुलगा रडायला लागला. पुन्हा हॉस्पिटलचं नाव कुणी काढलं नाही.

मग आमचा संसार असाच चालला. शेवटच्या सकाळी श्वास जड झाला होता. वाकून विचारलं, "अहो, भीती वाटतेय का?" दांडा वाजला नाही. नाही म्हणतायत, म्हणून मला केवढं हायसं वाटलं! उशी सारखी केली, चहा टाकायला गेले. चहा घेऊन आले तोवर हे गेले होते...

ते 'नाही' होतं, की हात उचलायचं बळच उरलं नव्हतं? मुलगा म्हणतो, भाड्याची खाट परत देऊ. मी देऊ देत नाही. रोज सकाळी तिथे बसते, तोच प्रश्न विचारते, आणि थांबते.