शाहीनच्या फाइली

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली शाहीनला अकोल्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागत होती. शेतात राबणारे हात जातील म्हणून सासऱ्यांनी तिची प्रमाणपत्रं कुलपात टाकली, मोबाइलही काढून घेतला. प्रमाणपत्रांच्या फाइली मात्र तिनं पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद तिजोरीत, आधीच ठेवल्या होत्या. औषधाच्या निमित्तानं ती नेटकॅफेत गेली. मुख्य पासवर्ड पाठ होता, पण मोबाइलवर येणारा कोडही लागत होता. कॅफेवाल्याच्या फोनवरून तिनं नणंदेला विचारलं, "तुबा, माह्या मोबाइलवर नंबर आला काय?"

"अब्बा बाजूलेच बसले, भाभी," तुबा पुटपुटली. मग त्यांच्याजवळ पडलेल्या शाहीनच्या मोबाइलकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसे तिनं आकडे सांगितले.

फाइली अकोल्याला गेल्या. शाहीन मात्र औषध घेऊन त्याच घरी परतली. सासरे दारातच उभे होते. "एवढा उशीर काहून?"