चोरलेला मनीप्लांट

सुदामा नगरात रोज सकाळी एक जण रोपांचा ठेला घेऊन येतो. मनीप्लांट चोरून आणला तरच फळतो, अशी आमच्या कॉलनीची ठाम समजूत. म्हणून तो पैसे फक्त कुंडीचे घेतो. मग पाठ फिरवून, दात कोरत आभाळ बघतो. "चुरा लो भिया, मैं देख नी रिया."

पांढऱ्या चट्ट्यांचा एक वेल मीही असाच चोरला. पण घरी आल्यावर नवी पानं नुसती हिरवी यायला लागली. तक्रार केली, तेव्हा त्याने कुठे ठेवलाय विचारलं. मी म्हटलं, आतल्या खोलीत, कपाटाच्या आड.

त्याचं दात कोरणं थांबलं. "चोरी का है तो क्या छुपा के रखोगे? खिड़की में रखो."

खिडकीत चट्टे परतले. आता शेजारच्या काकू वेलापाशी रेंगाळल्या, की मी पाठ फिरवून आभाळ बघतो.